इशारा 39, धोका 43

कोल्हापुरात पावसाळ्यात माणूस सकाळी उठला की आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो, मग चहा घेतो. 39 फुटांवर इशारा, 43 वर धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. माझ्या फोनवर मेलच्या चित्राला जो लाल आकडा चिकटलेला असायचा, त्याच्याकडे मी बरीच वर्षं तशीच बघत आले. उठल्या उठल्या, चष्मा लावायच्याही आधी. फरक एवढाच की पंचगंगा कधीतरी उतरते. जानेवारी 2024 मध्ये माझ्या न वाचलेल्या मेल 14,312 होत्या आणि तो आकडा उतरताना मी कधी पाहिला नव्हता.

शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. बाबांनी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांवर सुरुवात केली, मग शिरोलीत प्लॉट घेतला. आज 140 माणसं आहेत. एसजी आयर्नची, म्हणजे चिवट जातीच्या ओतीव लोखंडाची कास्टिंग ट्रॅक्टर आणि ट्रकच्या कंपन्यांना जातात, थोडा माल जर्मनीला. सतरा वर्षं झाली, मी चालवते. भट्टीचं अस्तर फुटलं, कामगार अडून बसले, बँकेनं लिमिट अडवलं, सगळ्यातून निघाले. इनबॉक्समधून मात्र निघता येईना. खरं सांगायचं तर ती अडचण आहे असंही मी मानत नव्हते. ज्याचं काम अडलंय तो फोन करतोच, असं माझं सोयीचं तत्त्वज्ञान होतं.

एका बुधवारी सकाळी तसा फोन आला. गिऱ्हाईक कंपनीतला क्वालिटीचा मुलगा होता, वयानं माझ्या भाचरांएवढा. "मॅडम, कालच्या लॉटमध्ये बॉसची जाडी कमी येतेय. तुम्ही ड्रॉइंगच्या रिव्हिजन डी वर माल दिलाय. आता ई आहे." बॉस म्हणजे कास्टिंगवरचा जाड उंचवटा. मी ठासून सांगितलं, आम्हाला ई मिळालेलीच नाही. तो जरा थांबला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्याच पत्त्यावर पाठवलीय. अकरा दिवस झाले."

फोन खांद्यात धरून मी शोधलं. होती. पुढे पाठवलेल्या मेलची पुढे पाठवलेली मेल, विषयाच्या ओळीत ड्रॉइंग नंबर नाही, चौथी जोडणी उघडली की ड्रॉइंग. वर एका प्रदर्शनाच्या स्टॉलचं आमंत्रण, खाली कुरिअरवाल्याचं 'आपले पाकीट निघाले आहे'. त्या दोघींच्या मध्ये ती अकरा दिवस पडून होती.

640 नग, प्रत्येकी 4.2 किलो. म्हणजे पावणेतीन टनांच्या आसपास. जाडी जास्त असती तर घासून काढली असती, कमी असलेलं लोखंड वाढवता येत नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं, लोखंडच आहे, परत वितळवा, नुकसान कसलं? पण टन वितळवायला साधारण 600 युनिट वीज जाते, आणि वाळू, कोअर (आतल्या पोकळीसाठीचा वाळूचा साचा), फेटलिंगची म्हणजे ओतीव माल साफ करायची मजुरी भट्टीत टाकून परत मिळत नाही. शिवाय गिऱ्हाईकाची लाइन थांबली त्याचं डेबिट नोट आलं ते वेगळंच.

मी मोल्डिंगला गेले. तिथले फोरमन बाबांच्या वेळचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. मला परकरपोलक्यात बघितलेलं असल्यानं ते मला मॅडम म्हणत नाहीत. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "ताई, मला कागद आला नाही म्हणून जुन्याच पॅटर्नवर ओतलं. कागद आला असता तर मी ओतलं असतं का?"

ह्यावर बोलायला काही नव्हतं.

त्या आठवड्यात मी चंगच बांधला. आता सांगायला लाज वाटते, पण जे जे करू नये ते सगळं मी आधी करून बघितलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊला थर्मास भरून बसले आणि सगळ्यात जुन्या टोकाकडून वाचायला घेतलं. जुनी मेल वाचणं म्हणजे कपाट आवरताना लग्नाचा अल्बम सापडणं. बाबा मेल लिहायला शिकले तेव्हा ते पूर्ण मजकूर विषयाच्या ओळीतच लिहायचे, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, आणि खाली मेल कोरी. अशा सदतीस मेल मी वाचल्या. दोनदा रडले. तीन वाजेपर्यंत 400 संपल्या आणि तेवढ्यात वर 60 नव्या येऊन बसल्या होत्या.

मग लेबलं केली. गिऱ्हाईकाप्रमाणे, खात्याप्रमाणे, वर्षाप्रमाणे, एकूण 43. रिजेक्शनच्या डेबिट नोटची मेल गिऱ्हाईकात टाकायची, क्वालिटीत की अकाउंट्समध्ये, ह्या विचारात प्रत्येक मेलमागे अर्धा मिनिट जायचा आणि मग ती मी तिथंच ठेवून पुढे जायचे. लेबलांनंतर एका रात्री वैतागून 'सगळ्या वाचल्या' असं बटण दाबलं. लाल आकडा गेला. दोन दिवस इतकं हलकं वाटलं म्हणता! पाहुणे यायच्या आधी सगळा पसारा पलंगाखाली सारला की घर कसं छान दिसतं, तसं.

रात्री साडेअकराला अंथरुणात उत्तरं द्यायची सवय तर आधीपासूनच होती. तिचा निकाल संक्रांतीच्या हळदीकुंकवात लागला. डिस्पॅचवाल्याच्या बायकोनं वाण हातात घेतलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, रागावू नका हं. पण तुमची मेल वाजली की हे ताटावरून उठतात." चार बायका ऐकत होत्या. मी तिळगूळ पुढे केला आणि विषय बदलला, पण घरी आल्यावर झोप लागली नाही.

माझ्या भावाची मुलगी पुण्यात आयटीत आहे. तिला फोन केला तर ती हसतच सुटली. "आत्या, जुन्या मेल वाचायच्याच कशाला? नव्वद दिवसांपेक्षा जुनं सगळं आर्काइव्ह कर. डिलीट नाही, आर्काइव्ह. कुणी त्याच मेलवर उत्तर दिलं तर ती आपोआप परत वर येते." मला ते पटेना. 61,000 मेल नजरेआड करायच्या म्हणजे काय? त्यात कुणाचं काय अडलं असेल! ती म्हणाली, "तीन महिन्यांत ज्यानं परत विचारलं नाही, त्याचं अडलेलं नाही." माझंच तत्त्वज्ञान मला परत मिळालं, फक्त ह्या वेळी ते बरोबर होतं.

तर मी तारीख घालून शोध लावला, वरच्या चौकोनात टिचकी मारली, आर्काइव्ह केलं. आणि आकडा पन्नासनं कमी झाला. परत केलं, परत पन्नास. मी मनात हिशेब घातला, अशा बाराशे वेळा करायचं म्हणजे होळी इथंच. पुन्हा पुण्याला फोन. निवडल्यावर वर एक बारीक ओळ येते, 'ह्या शोधात बसणारी सगळी संभाषणं निवडा' अशा अर्थाची. ती दाबली नाही तर जीमेल फक्त समोरचं पान धरतं. ही ओळ मी दहा वर्षांत वाचली नव्हती. दाबली, घडीभर चक्र फिरलं, आणि इनबॉक्समध्ये फक्त मागच्या नव्वद दिवसांचं उरलं. आमच्या खात्याला माणशी 30 जीबी जागा आहे, त्यातले 28 भरले होते, तेही त्याच रात्री कळलं. दहा एमबीपेक्षा मोठ्या जोडण्या असलेल्या मेल वेगळ्या काढल्या तर निम्मी जागा शॉप फ्लोअरवरच्या फोटोंनी खाल्लेली. कास्टिंगमधल्या एकाच ब्लोहोलचे, म्हणजे वायूनं पडलेल्या छिद्राचे नऊ फोटो, नऊही हललेले.

एवढं करून आठ दिवसांत इनबॉक्स पुन्हा हजारावर गेला. म्हणजे उपसा चालू होता, पण येणारं पाणी कुठून येतंय ते मी बघितलंच नव्हतं.

इथं मला तात्या आठवले. बाबांच्या ऑफिसात तात्या म्हणून हेडक्लार्क होते. टपाल आलं की पाकिटं तेच फोडायचे, प्रत्येक कागदावर जांभळ्या शाईचा शिक्का मारायचे आणि आवक रजिस्टरात नोंद करायचे. आवक क्रमांक, दिनांक, कोणाकडून, विषय, कोणाकडे, उत्तर दिल्याचा दिनांक. तात्या गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण रजिस्टरं जुन्या पॅटर्नच्या खोलीत अजून आहेत. 1991 चं काढलं. दिवसाला बारा-पंधरा कागद. त्यातल्या 'कोणाकडे' ह्या रकान्यात बाबांचं नाव दिवसाला चार वेळा, फार तर पाच. बाकी स्टोअर्स, हिशेब, मशीन शॉप. मी माझ्या बाबांना नेहमी कामात बुडालेला माणूस समजत होते. त्यांच्यापर्यंत दिवसाला चार कागद जायचे! आणि मी स्वतःचं टपाल स्वतः फोडत बसले होते, दोनशे पाकिटं रोज.

दुसऱ्या दिवशी स्टेशनरीच्या दुकानातून लांब रजिस्टर आणलं आणि सहा कामाचे दिवस माझ्या पत्त्यावर आलेली प्रत्येक मेल हातानं लिहिली. ऑफिसातली पोरं खालमानेनं हसत होती. मेलची नोंद पेनानं करणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच बघितली असणार. 'कोणाकडे' हा रकाना मी प्रामाणिकपणे भरला: ह्या मेलचं उत्तर खरं कुणी द्यायला हवं?

सहा दिवसांत 1,147 मेल. त्यातल्या 412 माणसानं लिहिलेल्याच नव्हत्या: बँका, पोर्टलं, कुरिअर, प्रदर्शनं, जाहिराती. 389 आमच्याच माणसांच्या एकमेकांना, मी सीसीत. 201 गिऱ्हाइकांच्या, ज्यांची उत्तरं प्लॅनिंग, क्वालिटी किंवा डिस्पॅचनं द्यायची. 88 माल पुरवणाऱ्यांच्या. आणि ज्यांच्यासमोर माझं नाव लिहावं लागलं अशा 57. शंभरात पाच.

जाहिराती बंद करणं सोपं होतं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मला टोचत होत्या त्या 389. मी डिस्पॅचवाल्याला बोलावलं आणि विचारलं, तू ट्रकवाल्याला गाडी किती वाजता लावायची ते सांगतोस, त्यात मी कशाला? तो आधी काही बोलेना. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही सीसीत असला की समोरचा लवकर हलतो." मी म्हटलं, आणि दुसरं कारण? त्यानं मान खाली घातली. "आणि उद्या काही झालं तर सांगता येतं, मॅडमना माहीत होतं."

कुणी सुरू केलं हे? जरा मागे जाऊन बघितलं तर हुकूम माझाच होता. ऑगस्ट 2019 चा महापूर. महामार्गावर शिरोलीजवळ पाणी, वाहतूक बंद, कारखाना बंद, मी शहरात अडकलेली आणि माणसं आपापल्या गावांत. गिऱ्हाइकांच्या लाइनी आमच्या मालावर थांबायला आलेल्या. तेव्हा मी सगळ्यांना कळवलं होतं की इथून पुढे प्रत्येक मेलमध्ये मला ठेवा. त्या दिवसांत ते योग्यच होतं, नाहीतर कोण कुठे आहे हेही कळलं नसतं. पूर ओसरला, महामार्ग सुरू झाला, भिंतींवरचा गाळ धुऊन काढला. हुकूम मागे घ्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. साडेचार वर्षं आमच्या ऑफिसात पूरच चालू होता.

सीसी म्हणजे कार्बन कॉपी. आमच्या ऑफिसातल्या टाइपरायटरवर तात्या कार्बन लावून पत्र काढायचे तेव्हा तिसरी प्रत पुसट यायची आणि चौथी वाचताच यायची नाही. प्रत कुणाला पाठवायची ह्याचा विचार करावा लागायचा, कारण प्रतीला कष्ट होते. आता चाळीस जणांना प्रत पाठवली तरी चाळिसावी पहिलीइतकीच ठसठशीत.

मी हुकूम मागे घेतला. काय झालं? काहीच झालं नाही! दोन आठवडे सीसी तशाच येत राहिल्या. सवय आणि भीती कागदावर रद्द होत नाहीत. मग मी उलटीकडून धरलं. लोक मला सीसीत घेतात कारण ठरवायचा अधिकार त्यांच्याकडे नाही, हे रजिस्टर वाचताना दिसायला लागलं होतं. 25,000 रुपयांपर्यंतची खरेदी खरेदीवाल्यानं मला न विचारता करायची. ठरलेल्या मर्यादेतलं डेव्हिएशन, म्हणजे ड्रॉइंगपासूनचा फरक, क्वालिटीच्या मुख्यानं सही करून सोडायचं. जादा गाडी लावायची की नाही ते डिस्पॅचनं बघायचं, महिन्याच्या ठरलेल्या रकमेत. हे मी मिटिंगमध्ये सांगितलं, लिहून दिलं आणि खाली सही केली. तिसऱ्याच आठवड्यात खरेदीवाल्यानं 19,000 रुपयांची रॅमिंग मास, म्हणजे भट्टीच्या अस्तराचा माल, चुकीच्या ग्रेडची आणली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी घरी जाऊन उशीत तोंड घालून काय बोलायचं ते बोलले, ऑफिसात एवढंच म्हटलं, परत करता येतेय का बघा. निम्मी परत झाली. त्या दिवसानंतर सीसी खरंच उतरायला लागल्या. माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणात मी केलेलं एकमेव अवघड काम ते, बाकी सगळी बटणं.

बटणांचंही सांगते, कारण विचारणारे तेच विचारतात. एक फिल्टर असा लावला की ज्या मेलच्या 'टू'मध्ये माझा पत्ता नाही ती इनबॉक्सला वळसा घालून 'सीसी' नावाच्या लेबलात पडते. ते लेबल मी शनिवारी दुपारी चाळते, वर्तमानपत्र चाळावं तसं. खात्यांचे वेगळे पत्ते केले: ड्रॉइंगचा एक, क्वालिटीचा एक, डिस्पॅचचा, हिशेबाचा. प्रत्येक पत्त्यावर दोन माणसं, म्हणजे एक रजेवर गेला तरी पाकीट फुटतं. ड्रॉइंगच्या पत्त्यावर आलेली रिव्हिजन त्याच दिवशी ड्रॉइंग रजिस्टरात चढते, जुनी प्रत शॉपमधून गोळा होते, नवीन प्रत मामांच्या हातात जाते आणि मामा सही करतात. होय, कागद. ह्यावर माझी भाची नाक मुरडते, मुरडू दे.

पण पत्ते काढणं वेगळं आणि गिऱ्हाइकांनी ते वापरणं वेगळं. मोठ्या कंपनीच्या व्हेंडर मास्टरमध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या यादीत, मेलचा पत्ता बदलायला लेटरहेडवर अर्ज, त्यावर त्यांच्या खरेदीवाल्याची मंजुरी, मग त्यांचं आयटी खातं. एका ठिकाणी चार महिने लागले. तोवर त्यांची मेल माझ्याकडे यायची आणि फिल्टर ती ड्रॉइंगच्या पत्त्यावर ढकलायचा.

यंत्रांच्या 412 मेलमध्ये एक मेख होती, तीही सांगायला हवी. मी त्या सरसकट बाजूला टाकायला निघाले होते. आमच्या सीएंनी हात धरला. त्यात जीएसटीची डीआरसी-01सी नावाची सूचना असू शकते. पुरवठादारांच्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या 2बी पत्रकात दिसतं त्यापेक्षा खरेदीवरच्या कराचं जास्त क्रेडिट आपण घेतलं आणि तफावत मोठी असली तर ही सूचना येते, आणि सात दिवसांत उत्तर दिलं नाही तर पुढचा जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं पत्रक, भरता येत नाही. तो नाही भरला तर गिऱ्हाइकाला आपल्या बिलाचं क्रेडिट दिसत नाही, आणि क्रेडिट दिसलं नाही तर पेमेंटवर हात ठेवायला त्यांना कारणच मिळतं. म्हणून पोर्टलवरचा नोंदणीचा पत्ताच बदलून हिशेबाचा केला. यंत्रानं पाठवली म्हणून मेल फालतू नसते आणि साहेबांनी पाठवली म्हणून महत्त्वाची नसते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मग मार्च आला. त्या वर्षी सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी मुदतीत, म्हणजे जास्तीत जास्त 45 दिवसांत, चुकवली नाहीत तर तेवढा खर्च त्या वर्षी प्राप्तिकरात धरला जाणार नाही, हा 43बी चा नवा नियम पहिल्यांदाच लागू होत होता. वाळूवाला, पॅटर्नवाला, पॅकिंगच्या पेट्या देणारा, सगळ्यांनी आपण लघुउद्योग असल्याची उद्यम प्रमाणपत्रं जोडून मेल पाठवायला सुरुवात केली. आणि आम्हीही आमचं तसंच प्रमाणपत्र वर आमच्या गिऱ्हाइकांना पाठवत होतो. जानेवारीत हे झालं असतं तर मी बुडाले असते. मार्चमध्ये हिशेबाच्या पत्त्यावर दोघींनी मिळून ते हाताळलं आणि मला शेवटी एक यादी मिळाली.

त्याच गर्दीत एक मेल अशी आली की एका जुन्या पुरवठादाराचं बँक खातं बदललंय, ह्या वेळचं पेमेंट नव्या खात्यात करा. भाषा तीच, सही तीच, खाली आमच्या जुन्या मेलची साखळीही तीच. हिशेबातल्या मुलीला पत्त्यात काहीतरी खुपलं. इंग्रजी एम च्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी बसवले होते, पटकन बघितलं तर एमच वाटतो. तिनं पुरवठादाराला त्याच्या जुन्या नंबरवर फोन लावला. त्यांनी कसलंही खातं बदललेलं नव्हतं. रक्कम सहा लाखांच्या वर होती. मी तिला विचारलं, तुला दिसलं कसं? ती म्हणाली, "मॅडम, आता रोज पन्नासच मेल असतात, वाचायला वेळ असतो." आता आमच्याकडे खातं बदलल्याची मेल आली की फोन केल्याशिवाय पैसे जात नाहीत, आणि सायबर तक्रारीचा 1930 हा नंबर हिशेबाच्या भिंतीवर लावलाय.

सगळं जमलं असं नाही. मी नियम काढला होता की आतल्या प्रत्येक मेलच्या विषयात 'निर्णय', 'माहिती' किंवा 'तातडी' असा शब्द आधी लिहायचा. महिन्याभरात सगळ्या मेल तातडीच्या झाल्या. कॅन्टीनच्या पोह्यांची तक्रारसुद्धा. तो नियम गुपचूप सोडून दिला. मेलचा आपोआप सारांश काढून देणाऱ्या सोयी आल्यात, त्या मी लांबलचक साखळ्यांसाठी वापरते. ड्रॉइंग असेल तर नाही, तिथं दोन मिलिमीटरनं माझे हात पोळलेत. आणि एका जुन्या स्नेह्यानं तर लग्नात चारचौघांत ऐकवलं की आता मेलची उत्तरं तुमची पोरं देतात, तुम्ही मोठ्या झालात. त्यांना वाईट वाटलं होतं. त्यांच्या मेल मी अजूनही स्वतःच बघते, फिल्टरला अपवाद घालून. धंदा नुसत्या शिस्तीवर चालत नाही.

दिवसातून दोनदा मेल उघडते. सकाळी सव्वाअकराला, प्रॉडक्शन मिटिंग आणि शॉपमधली फेरी झाल्यावर. आणि संध्याकाळी साडेचारला, कारण तेव्हा जर्मनीत दुपार असते, उन्हाळ्यात एक, हिवाळ्यात बारा, म्हणजे त्यांच्या सकाळच्या मेलना त्यांच्या त्याच दिवशी उत्तर जातं. फोनवरचा लाल आकडा बंद केला. पहिले पंधरा दिवस अंगठा आपोआप तिकडे जायचा, तंबाखू सोडलेल्या माणसाचा हात खिशाकडे जातो तसा. रात्री काही सुचलंच तर लिहून ठेवते आणि सकाळी आठची वेळ लावून पाठवते. डिस्पॅचवाला हल्ली जेवतो.

तात्यांच्या रजिस्टरातला शेवटचा रकाना, 'उत्तर दिल्याचा दिनांक', तो मी लेबलात आणला. आपण कुणाला काही विचारलंय आणि उत्तर यायचंय, अशा मेलना 'वाट' असं लेबल. सोमवारी सकाळी फक्त तेवढंच बघते. त्या 43 लेबलांपैकी आता चार उरलीत आणि 'वाट' नसतं तर उरलेल्या तिघांनाही अर्थ नव्हता. लोकांचं माझ्याकडे काय अडलंय ह्याची चिंता मी वर्षानुवर्षं केली; माझं लोकांकडे किती अडलं होतं ते ह्या लेबलानं दाखवलं.

शून्याचा आग्रह मी धरत नाही. माझ्यासाठी मी 39 आणि 43 हेच आकडे ठरवले. इनबॉक्समध्ये 39 मेल झाल्या की इशारा, त्या दिवशी तिसऱ्यांदा बसायचं. 43 झाल्या की धोका, म्हणजे कुठलातरी बंधारा फुटलाय, कुणाचं तरी काम माझ्याकडे यायला लागलंय. ते कोण हे शोधायचं. ऑफिसातली पोरं सव्वाअकराला मुद्दाम विचारतात, "मॅडम, पातळी किती?"

जुलै 2024 मध्ये पंचगंगेनं खरोखर 43 ओलांडली. पाणी वाढत होतं, काही माणसं गावांतून निघू शकली नव्हती, मी घरूनच कामाला होते आणि 2019 सारखं सगळ्यांना 'मला सीसीत ठेवा' असं कळवायला हात शिवशिवत होता. नाही कळवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मामांचा फोन आला.

"ताई, त्या पार्टची रिव्हिजन एफ आलीय. पॅटर्नला दिलंय. तुम्ही बघितली काय?"

"नाही मामा."

"बरं," म्हणाले, आणि नदी किती आहे ते विचारलं.